वाचा गेली, आरती राहिली : मेंदूविषयी वाचकांचे प्रश्न

मेंदूची रचना आणि त्याचे कार्य यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे पाठ्यपुस्तकी प्रश्न येतील, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे घरातल्या कोणाच्या तरी आजारपणातून लिहिलेली निघाली. मेंदूच्या कोणत्या भागाचे काम काय, हे ज्ञान वैद्यकालाही मुख्यतः अशाच आजारी माणसांकडून मिळालेले आहे. त्यांचे काय गेले हे जितके बारकाईने पाहिले गेले, तितकेच काय शिल्लक राहिले हेही पाहिले गेले, म्हणून ते मिळाले. पुढील उत्तरे वाचताना हे ध्यानात असू द्यावे. पत्रलेखकांची नावे वगळली असून पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६४) चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबल्याचे निदान झाले. उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि वाचा गेली. तहान लागली तरी त्यांना ‘पाणी’ एवढेही म्हणता येत नाही. पण संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की तेही आमच्याबरोबर शब्दन् शब्द म्हणतात. नातेवाईक म्हणतात, ते बोलण्याचा कंटाळा करतात. बिघाड डाव्या बाजूला असताना उजवे अंग का गेले? आणि वाचा गेली असेल, तर आरती कशी येते? झटका आला तेव्हा पहिले तीन तास अंगाला तेल चोळण्यात गेले, याची रुखरुख आहे. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपले वडील कंटाळा करीत नाहीत, ही गोष्ट सर्वप्रथम घरातल्या प्रत्येकाला सांगावी.

आधी उजव्या अंगाविषयी. मोठा मेंदू उजव्या आणि डाव्या अशा दोन अर्धगोलांचा असतो. एका कानापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत केसांचा पट्टा लावावा, साधारण तशी एक पट्टी दोन्ही अर्धगोलांच्या पृष्ठभागावर असते आणि स्नायूंना हालचालीचे हुकूम प्रामुख्याने तिच्यातून सुटतात. त्या पट्टीत कानाच्या बाजूला जीभ आणि चेहरा, त्याच्या वर हात आणि अगदी माथ्याशी, दोन अर्धगोलांमधल्या फटीत, पाय अशी जागांची वाटणी असते. बोटे, ओठ आणि जीभ यांना सबंध पाठीपेक्षा कितीतरी मोठी जागा मिळालेली असते, कारण जागा अवयवाच्या आकारावर ठरत नाही, कामाच्या नाजूकपणावर ठरते. या पट्टीतून निघालेले तंतू खाली जाताना एका अरुंद वाटेत गोळा होतात आणि मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, त्यांपैकी बहुतेक तंतू बाजू बदलून पलीकडे जातात. म्हणून डाव्या अर्धगोलाची सत्ता उजव्या अंगावर चालते. त्या अरुंद वाटेतली बारीकशी रक्तवाहिनी तुंबली तरी चेहरा, हात आणि पाय एकदम जातात.

आता वाचा. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे ५१ वर्षांचा एक रुग्ण आला. वर्षानुवर्षे त्याच्या तोंडून ‘तान’ एवढे एकच अक्षर निघत असे आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखत. त्याला बोललेले बरेचसे कळत होते. काही दिवसांतच तो वारला आणि ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात, कपाळाच्या मागे खालच्या बाजूला, मोठी इजा आढळली. त्या जागेला आजही ब्रोकाचे क्षेत्र म्हणतात. मनातला अर्थ शब्दांच्या क्रमात आणि उच्चारांत बांधण्याच्या कामी ते लागते. पुढे १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण भराभर बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना उमगत नाही. त्यांची इजा डाव्या कानाच्या वर आणि किंचित मागे असते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सर्व माणसांत आणि डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्य माणसांत भाषेची सूत्रे डाव्या अर्धगोलाकडेच असतात.

आणि आरती? ब्रोकाच्या त्या रुग्णाच्या बाबतीत एक तपशील सहसा सांगितला जात नाही. एरवी ‘तान’खेरीज काही न बोलणारा तो माणूस संतापला की त्याच्या तोंडून एक शिवी स्पष्टपणे निघत असे. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने त्याच शतकात हे निरीक्षण पुढे नेले. वाचा गेलेली माणसे शपथ, प्रार्थना, शिवी किंवा नेहमीचे ठरावीक उद्गार काढू शकतात, पण नवे वाक्य रचू शकत नाहीत, हे त्याने दाखवले. ‘पाणी दे’ म्हणण्यासाठी गरज ओळखून शब्द निवडावा लागतो आणि तो त्या क्षणी घडवावा लागतो. आरती पन्नास वर्षे रोज म्हटलेली असते, तिचा प्रत्येक शब्द मागच्या शब्दाच्या आणि चालीच्या ओढीने येतो, तिथे काही निवडायचे नसते. अशा घोकलेल्या आणि चालीवरच्या बोलण्यात उजव्या अर्धगोलाचा आणि मेंदूच्या आतल्या खोल केंद्रांचा मोठा वाटा असतो, आणि आपल्या वडिलांचे ते भाग शाबूत आहेत. त्यांच्याकडून एक ते दहा आकडे किंवा दोनचा पाढा म्हणवून घेऊन पाहावे, बहुधा जमेल. मात्र ‘पाच’ हा आकडा सुटा विचारला तर अडेल.

याचा उपयोग उपचारात होतो. वाचा-उपचारतज्ज्ञ छोटी वाक्ये चालीवर, डाव्या हाताने ताल धरून म्हणवून घेतात आणि हळूहळू चाल कमी करीत नेतात. सर्वांना सारखा गुण येत नाही, पण चार महिन्यांनंतरही सुधारणेला वाव असतो, तेव्हा हे प्रयत्न अवश्य करावेत. घरी त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या मानेने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी ते तिथे नसल्यासारखे बोलू नये. त्यांना बरेच कळत असते.

तेल चोळण्यात गेलेल्या वेळेबद्दल आपण स्वतःला दोष देऊ नये. ठाऊक नसल्याने तसे झाले. इतरांसाठी मात्र स्पष्ट लिहितो. मोठी रक्तवाहिनी तुंबल्यास मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्राव असताना ते इंजेक्शन घातक ठरते. म्हणून तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर धरला असता खाली येऊ लागला किंवा बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, तोंडाने पाणी किंवा औषध काहीही देऊ नये आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी दहावीत आहे. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ ही नावे पाठ झाली, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. खरा मेंदू कसा दिसतो? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : बाळ, तुझी तक्रार अगदी रास्त आहे. आकृतीत मेंदू रंगीत तुकड्यांचा दिसतो. खरा मेंदू हातात घेतला तर कुठेही तशा रेषा नसतात. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला मेंदू दाबल्यास घट्ट पनीरसारखा लागतो, जिवंत मेंदू मात्र इतका मऊ असतो की टेबलावर नुसता ठेवला तरी स्वतःच्या भाराने बसतो. म्हणूनच कवटीत तीन आवरणांच्या आत, सुमारे १५० मिलिलिटर पाण्यासारख्या द्रवात, तो जवळजवळ तरंगत असतो. वजन १३०० ते १४०० ग्रॅम.

आता स्वतःच्या डोक्यावर हात फिरवत वाच. कपाळाखाली प्रमस्तिष्काचा, म्हणजे मोठ्या मेंदूचा, पुढचा खंड आहे; बेत आखणे, स्वतःला आवरणे आणि मघाच्या उत्तरातली हालचालीची पट्टी ही त्याची कामे. माथ्याच्या मागच्या भागाखालच्या खंडात स्पर्श आणि आपले हातपाय कुठे आहेत याची जाणीव. कानाच्या आसपास ऐकणे आणि स्मरण. डोक्याच्या पार मागे दृष्टी. डोळे समोर असले तरी पाहण्याचे काम तिथे चालते, आणि म्हणूनच डोके मागून आपटले की ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’. त्या खंडाला बसलेला धक्काच प्रकाश म्हणून भासतो. या सगळ्याच्या पृष्ठभागावर अवघा २ ते ४ मिलिमीटर जाडीचा करडा थर असतो, आणि तो घड्या घालून बसवल्यामुळे मेंदू अक्रोडासारखा दिसतो. आतला पांढरा भाग म्हणजे तंतूंचे जाळे.

मोठ्या मेंदूच्या पोटात मधोमध थॅलॅमस आहे. वास सोडून इतर सर्व संवेदना त्याच्यामार्गे वर जातात. त्याच्याखाली काही ग्रॅम वजनाचे हायपोथॅलॅमस तहान, भूक, झोप आणि शरीराचे तापमान सांभाळते, तसेच तिथेच लोंबणाऱ्या, हरभऱ्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीवर हुकमत चालवते. आता मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बोट ठेव. आत अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, आहे, बारीक समांतर घड्यांचा. तो मधोमध कापला की आत फांद्या फुटलेल्या झाडासारखी पांढरी नक्षी दिसते. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला मी ती दाखवली आहे आणि प्रत्येक वेळी सगळे गप्प झालेले पाहिले आहेत. त्याच्या पुढे अंगठ्याएवढा जाड मस्तिष्कस्तंभ आहे आणि त्याचे खालचे टोक म्हणजे तुझ्या पुस्तकातले मस्तिष्कपुच्छ. त्याच्यापुढे मेरुरज्जू सुरू होतो. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेत मानवी मेंदूंचे संग्रहालय आहे. कधी त्या शहरात गेलीस तर चौकशी करून अवश्य पाहा.

प्रश्न : माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असला तरी विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. इतका खर्च करून नऊ दशांश भाग रिकामा ठेवणे कोणत्याही प्राण्याला परवडणारे नाही. मेंदूत अशी एकही मोठी जागा सापडलेली नाही जी निकामी झाली तरी माणसाचे काहीच बिघडत नाही.

प्रश्न : माझे काका (वय ५५) आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. गेले वर्षभर ते चालताना झोकांड्या खातात आणि त्यांचे बोलणे जड झाले आहे. गावात लोक नको ते बोलतात. डॉक्टरांनी लहान मेंदू आकसल्याचे सांगितले. पण ताकद पूर्वीचीच आहे, धान्याचे पोते आजही उचलतात. हे कसे? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : पोते उचलण्याचा हुकूम मोठा मेंदू देतो आणि तो शाबूत आहे, म्हणून ताकद टिकून आहे. लहान मेंदू हुकूम देत नाही. दिलेला हुकूम आणि प्रत्यक्षात घडणारी हालचाल यांचा मेळ तो क्षणाक्षणाला तपासतो आणि फरक पडताच दुरुस्ती करतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के पेशी या लहान मेंदूत दाटीने बसलेल्या आहेत. यावरून हे दुरुस्तीचे काम केवढे मोठे असेल, याची कल्पना यावी.

काकांच्या समोर आपले बोट धरावे आणि त्यांना स्वतःच्या नाकाला व मग आपल्या बोटाला आलटून पालटून स्पर्श करायला सांगावे. हात निघताना ठीक असेल, पण बोट लक्ष्याच्या जवळ येऊ लागले की थरथर वाढत जाईल आणि नेम चुकेल. पाण्याचा पेला ओठांशी येताच सांडतो, तो याच कारणाने. कंपवाताची थरथर याच्या उलट असते. ती हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते आणि काही घ्यायला हात पुढे केला की कमी होते. कंपवाताची जागाही निराळी आहे. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात नुसत्या डोळ्यांनी दिसणारी एक काळी पट्टी असते, तिच्यातल्या पेशी मेल्याने हालचाल सुरू करणे जड जाते, आणि अशा रुग्णाचा मेंदू कापला तर ती पट्टी फिकी पडलेली दिसते.

दारूचा अंमल लहान मेंदूवर लवकर होतो, म्हणून पिणाऱ्याची चाल आणि काकांची चाल सारखी दिसते. लोकांचे डोळे चुकत नाहीत, त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि एका निर्व्यसनी माणसाला तो सोसावा लागतो याचे मला मनापासून वाईट वाटते. डॉक्टरांचा कागद आपण घरातल्या व शेजारच्या मंडळींना दाखवावा. लहान मेंदूच्या या विकाराची काही कारणे आनुवंशिक असतात, पण थायरॉईडची कमतरता, काही जीवनसत्त्वांचा अभाव किंवा फिटवरील काही गोळ्यांची जास्त झालेली मात्रा ही कारणे सुधारण्याजोगी असतात. त्यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे विचारून घ्यावे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा आणि अंधारात एकटे चालू देऊ नये, कारण तोल सांभाळताना त्यांना डोळ्यांचा मोठा आधार असतो.

प्रश्न : माझी आजी (वय ७९) १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा घरातून काय काय बाहेर काढले, ते वस्तूंसकट सांगते. पण दुपारी जेवली की नाही, हे तिला आठवत नाही आणि एकच प्रश्न ती दहा वेळा विचारते. ठिपक्यांची रांगोळी मात्र अजूनही हात न थांबता काढते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या स्मृती आल्या आहेत आणि मेंदूत त्यांची व्यवस्थाही वेगवेगळी आहे.

कानाच्या आतल्या बाजूच्या खंडात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंना असतो. कापून पाहिला तर तो समुद्रघोड्यासारखा वळलेला दिसतो आणि त्यावरूनच त्याला ते नाव मिळाले. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फिट कमी झाल्या, बुद्धी तशीच राहिली, बालपणही आठवत होते, पण त्या दिवसानंतर भेटलेले कोणीही त्याच्या लक्षात राहिले नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे त्याला तपासत होत्या आणि प्रत्येक भेटीत त्या त्याला अनोळखीच होत्या. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या कडेने रेघ ओढायला शिकवले. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, मात्र आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे त्याला दर वेळी अमान्य असे. २००८ मध्ये ८२ व्या वर्षी तो वारला. स्मृतीविषयी आज जे कळते, त्यातले फार मोठे देणे या एका माणसाचे आहे.

त्याच्यावरून असे दिसले की नवी आठवण मुरवायला हिप्पोकॅम्पस लागतो. जुन्या, मुरलेल्या आठवणी मोठ्या मेंदूच्या करड्या थरात विखरून राहतात. आणि हाताची सवय तिसरीकडेच, मोठ्या मेंदूच्या पोटातील केंद्रांत व लहान मेंदूत, जपली जाते. आजीची रांगोळी त्या तिसऱ्या ठिकाणी आहे. पानशेतची आठवण इतकी ठसठशीत असण्याला आणखी एक कारण आहे. हिप्पोकॅम्पसच्या अगदी पुढ्यात बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो. भीतीच्या प्रसंगी तो जागा होतो आणि त्या वेळची आठवण पक्की करून घेतो. त्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने पाण्यातून काढलेली भांडी आज दुपारच्या जेवणापेक्षा जवळची वाटतात, ती यामुळे.

अल्झायमर या आजाराची सुरुवात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागातून होते, म्हणून स्मृतिविकारतज्ज्ञांना एकदा दाखवावे. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्य यांनीही असाच विसर पडतो आणि तो बरा होऊ शकतो. ‘आत्ताच तर सांगितलं’ हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावे. तिच्या लेखी प्रश्न दर वेळी पहिल्यांदाच विचारलेला असतो. रांगोळी तिच्याकडून रोज काढून घ्यावी.

प्रश्न : माझ्या मेहुण्याला दुचाकीचा अपघात झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचे सांगून अवयवदानाविषयी विचारले. पडद्यावर हृदयाचे ठोके दिसत होते, हात गरम होता. आम्ही नकार दिला. कोमातली माणसे शुद्धीवर येतात, मग हा मृत्यू कसा? आमचे चुकले का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्या दुःखात मी सहभागी आहे. प्रश्नाचे उत्तर त्या अंगठ्याएवढ्या मस्तिष्कस्तंभात आहे. माणसाला जागे ठेवणारे तंतुजाल याच स्तंभात आहे आणि श्वासाचे हुकूम त्याच्या खालच्या टोकातून, मस्तिष्कपुच्छातून, निघतात. हृदयाचे तसे नाही. हृदयाच्या भिंतीत त्याचे स्वतःचे ठोका देणारे केंद्र असते आणि प्राणवायू मिळत राहिला तर मेंदूच्या हुकमाविना ते काही काळ चालू राहते. श्वसनयंत्र तो प्राणवायू पुरवत होते, म्हणून पडद्यावर ठोके दिसत होते.

कोमात माणूस बेशुद्ध असतो, पण मस्तिष्कस्तंभ संपूर्ण किंवा अंशतः जिवंत असतो, म्हणून परतण्याची शक्यता राहते. मस्तिष्कस्तंभ मृत झाल्यावर ती उरत नाही. त्याची खात्री यंत्राच्या आकड्यावर केली जात नाही, एकेक प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप घडणारी प्रतिक्रिया, तपासून केली जाते. डोळ्यात प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का, डोळ्याच्या पृष्ठभागाला कापूस लागल्यावर पापणी हलते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे वळतात का, घशात नळी हलवल्यावर ठसका येतो का, हे पाहतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून श्वसनयंत्र काही मिनिटे अलग करतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू देतात. मस्तिष्कपुच्छात थोडाही जीव असेल तर इतक्या साठ्यावर छाती उचलल्यावाचून राहत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात या मृत्यूला मान्यता आहे आणि महाराष्ट्र व गोवा या राज्यांत तो फेब्रुवारी १९९५ पासूनच लागू आहे. त्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाला या सर्व तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात.

आपले चुकले असे मी म्हणणार नाही. हे सर्व कोणीतरी आपल्याजवळ बसून सावकाश सांगायला हवे होते आणि पत्रावरून दिसते की ते झाले नाही. दान करावे की नाही, हा निर्णय कुटुंबाचाच असतो. हाताच्या उबेविषयी मात्र आपल्याला ठाऊक असावे की शरीराचे तापमान राखणारे हायपोथॅलॅमसही अशा वेळी बहुधा काम करेनासे होते आणि अंग थंड पडू लागते. म्हणून अतिदक्षता विभागातील परिचारिका अशा रुग्णाला उबदार पांघरुणे घालून ठेवतात. आपण धरलेल्या हाताची ऊब त्या पांघरुणांनी आणि चालू असलेल्या रक्ताने राखलेली होती.